शतायुषी कर्मयोगी : सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

दीर्घायुष्य लाभावे अशी इच्छा कोणाला नसते? पाया पडणाऱ्याला शतायुषी होण्याचा आशीर्वाद देण्याची आपली जुनी चाल आहे. परंतु घरातील ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या वडीलधाऱ्यांना एके दिवशी स्वतःच्या मुलाचे नाव आठवेनासे होते, आयुष्यभर ज्यांनी पै-पैचा हिशोब तोंडपाठ ठेवला त्यांना दिलेले पैसे मोजता येईनासे होतात, तेव्हा त्या आशीर्वादाचा दुसरा अर्धा भाग आपण मागायला विसरलो होतो हे ध्यानात येते. आयुष्य शंभर वर्षांचे असावे आणि त्या शंभर वर्षांत बुद्धीही शेवटपर्यंत सोबत असावी, अशी ती पूर्ण मागणी आहे.

ही मागणी आज पूर्वीपेक्षा अधिक निकडीची झाली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. वैद्यकशास्त्राने आयुष्याची वर्षे वाढविली; ती वर्षे जागृत बुद्धीने कशी जगावीत हा प्रश्न मात्र प्रत्येक घरासमोर उभा आहे. या प्रश्नाचा विचार करताना ज्यांच्या जीवनाकडे दृष्टी वारंवार वळते, असे एक थोर पुरुष म्हणजे भारतरत्न सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचे धरण आणि त्यांची दिवाणगिरी सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध, विशेषतः साठीनंतरची चाळीस वर्षे, मात्र फारशा बारकाईने पाहिली जात नाहीत. त्या वर्षांचा परिचय करून देण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

बालपण आणि पुण्यातील शिक्षण

तत्कालीन म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या लहानशा खेड्यात १५ सप्टेंबर रोजी विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. जन्मवर्ष काही ठिकाणी १८६०, तर काही ठिकाणी १८६१ असे नोंदलेले आढळते. टपाल खात्याने त्यांच्या शताब्दीचे तिकीट १५ सप्टेंबर १९६० रोजी काढले, म्हणून येथे १८६० हे वर्ष धरले आहे. वडील श्रीनिवासशास्त्री हे संस्कृतचे जाणकार. घरात विद्या होती, पण संपत्ती नव्हती. शाळकरी वयातच पितृछत्र हरपले. पुढे बेंगळुरूला शिकवण्या करून त्यांनी आपले शिक्षण चालविले आणि १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकण्यासाठी आले. १८८३ मध्ये त्या परीक्षेत त्यांनी पहिला क्रमांक पटकाविला आणि मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली.

महाराष्ट्राशी त्यांचा ऋणानुबंध येथून जुळला. नाशिक, खानदेश आणि पुणे ही त्यांची कर्मभूमी. धुळे भागात पांझरा नदीच्या खोऱ्यातील एका ओढ्याखालून पाणी नेणारी नळवाहिनी, दख्खनच्या कालव्यांवर पाण्याचे न्याय्य वाटप व्हावे म्हणून आखलेली गटपद्धती, आणि १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणावर बसविलेले, पाण्याची पातळी वाढताच आपोआप उघडणारे दरवाजे, ही त्या काळातील त्यांची कामे. पुण्यात त्यांना न्यायमूर्ती रानडे आणि नामदार गोखले यांच्यासारख्या थोर पुरुषांचा सहवास लाभला. आपले काम नोकरीपुरते नाही, ते देशाच्या कारणी लागले पाहिजे, ही जाणीव या सहवासातून दृढ झाली असावी.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षीची निवृत्ती

१९०८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, विश्वेश्वरय्यांनी सरकारी नोकरीतून स्वेच्छेने निवृत्ती घेतली. चोवीस वर्षांची उत्तम सेवा झाली होती, निवृत्तिवेतन मंजूर झाले होते. सर्वसामान्य माणसाने अशा वेळी गावी घर बांधले असते आणि उरलेले आयुष्य आठवणींत घालविले असते. विश्वेश्वरय्यांनी मात्र परदेश प्रवास हाती घेतला, कारण पाहण्याजोगे आणि शिकण्याजोगे जगात अजून पुष्कळ होते.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहर उद्ध्वस्त झाले. निजाम सरकारने त्यांना पाचारण केले आणि १९०९ मध्ये त्यांनी शहराच्या पूरसंरक्षणाची योजना आखून दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. १९१२ मध्ये ते संस्थानचे दिवाण झाले. म्हैसूर बँक १९१३ मध्ये स्थापन झाली, म्हैसूर विद्यापीठ आणि चंदनाच्या साबणाचा कारखाना १९१६ मध्ये उभा राहिला. ज्या कामांमुळे आज त्यांचे नाव घेतले जाते, त्यांतील बहुतेक सारी कामे त्यांनी निवृत्तीनंतर केलेली आहेत, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९१८ मध्ये त्यांनी दिवाणपदही सोडले. नोकऱ्यांसंबंधीच्या धोरणावर दरबाराशी मतभेद झाले होते. अधिकार, मानमरातब आणि संस्थानाचा सर्व कारभार हाती असताना ते त्यातून शांतपणे बाजूला झाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न होते. येथून पुढे त्यांना आणखी त्रेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभायचे होते.

साठीनंतरची चाळीस वर्षे

या चाळीस वर्षांचा ताळेबंद मांडून पाहिला तर मन थक्क होते. १९२० मध्ये भारताच्या पुनर्रचनेवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये, त्रेसष्टाव्या वर्षी, तोट्यात चाललेल्या भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची धुरा त्यांनी स्वीकारली आणि तो कारखाना सावरला. या कामाच्या मोबदल्याची रक्कम स्वतःकडे न ठेवता तिचा विनियोग तंत्रशिक्षणाच्या संस्थेसाठी व्हावा अशी त्यांची इच्छा होती, आणि १९४३ मध्ये बेंगळुरूत तशी संस्था सुरूही झाली. १९२७ पासून पुढे सुमारे अठ्ठावीस वर्षे ते टाटांच्या पोलाद कंपनीचे संचालक होते. १९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचा आराखडा मांडणारा ग्रंथ लिहिला. देशात नियोजन आयोग येण्याला तेव्हा आणखी सोळा वर्षे अवकाश होता.

१९३५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांनी एक अगदी नवा विषय अभ्यासाला घेतला. तो विषय होता मोटारनिर्मितीचा. आयुष्यभर धरणे, कालवे आणि पाणीपुरवठा यांत रमलेला हा अभियंता युरोप-अमेरिकेत जाऊन मोटारींचे कारखाने पाहून आला आणि मुंबईत असा कारखाना उभारण्याची तपशीलवार योजना त्याने तयार केली. या योजनेत त्यांना सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद यांची साथ मिळाली. परकीय सरकारने अपेक्षित साहाय्य दिले नाही. तरीही शेठजींनी चिकाटी सोडली नाही आणि १९४४ मध्ये मोटारनिर्मितीची कंपनी स्थापन करून पुढे कुर्ल्याला तिचा कारखाना उभा केला. आपल्या समाजाला वालचंद शेठांचा रास्त अभिमान आहे. त्यांच्या या स्वप्नामागे पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका वृद्धाचा अभ्यास आणि परिश्रम होते, हेही कृतज्ञतेने आठवावयास हवे.

ओरिसातील महापुरांच्या प्रश्नावर १९३७ नंतर त्यांनी पाहणी करून उपाय सुचविले. १९४१ मध्ये अखिल भारतीय उत्पादक संघटना स्थापन करून तिचे अध्यक्षपद स्वीकारले, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. १९४६ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, उद्योजकांच्या शिष्टमंडळाचे नेतृत्व करीत ते पुन्हा परदेशी गेले. १९५१ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी आपल्या कार्यमय जीवनाच्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्या आठवणींत कामांची सुसंगत मांडणी आहे, वर्षे आहेत, आकडे आहेत. स्वतःची स्तुती वा कोणाची निंदा यांना त्यात फारसे स्थान नाही.

मोकामाचा पूल

यानंतरचा प्रसंग त्यांच्या बौद्धिक सामर्थ्याची साक्ष देणारा आहे. बिहारमध्ये गंगेवर रेल्वे आणि रस्ता अशा दोहोंसाठी मोठा पूल बांधावयाचा होता. पूल कोठे असावा यावर तीव्र मतभेद होते. प्रत्येक भागाला पूल आपल्याकडे व्हावा असे वाटत होते आणि प्रत्येक बाजूला राजकीय वजन होते. ज्याच्या निर्णयावर कोणीही पक्षपाताचा आरोप करणार नाही अशी व्यक्ती पंतप्रधान पंडित नेहरूंना हवी होती. त्यांनी विश्वेश्वरय्यांची निवड केली. हे वर्ष होते १९५२, आणि विश्वेश्वरय्यांचे वय होते ब्याण्णव.

त्यांनी घरी बसून कागद मागविले नाहीत. ते बिहारला गेले, मुक्काम रेल्वेच्या डब्यात ठेवला आणि गंगेच्या काठावरील जागा स्वतः पाहिल्या. जेथे मोटार जाऊ शकत नव्हती तेथे त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेण्याची तयारी करण्यात आली होती; ती नाकारून ते पायी चालत गेले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. अखेरीस मोकामा येथील जागेची शिफारस झाली आणि तेथे बांधलेला राजेंद्र सेतू १९५९ मध्ये वाहतुकीला खुला झाला. नदीचा प्रवाह, पायाखालची जमीन, खर्च, वाहतूक आणि लोकांचे दावे या साऱ्यांचा एकत्र विचार करून निर्णय देणे हे तरुण अभियंत्यालाही कठीण. ते काम ब्याण्णवाव्या वर्षी ज्याच्यावर सोपविले गेले, त्याच्या बुद्धीविषयी वेगळे प्रमाणपत्र कशाला हवे?

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब मिळाला. तेव्हाही, हा किताब देऊन आपल्याकडून सरकारच्या धोरणांची स्तुती अपेक्षित असेल तर निराशा होईल, अशा आशयाचे पत्र त्यांनी पंतप्रधानांना लिहिले होते. आणि मते मांडण्याचे त्यांचे स्वातंत्र्य अबाधित आहे असा निर्वाळा पंतप्रधानांनी दिला होता. १९६० मध्ये त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली आणि एप्रिल १९६२ मध्ये बेंगळुरू येथे त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. योगायोग असा की, ज्यांची कर्मभूमी पुणेच होती असे आणखी एक शतायुषी भारतरत्न, महर्षी धोंडो केशव कर्वे, हेही त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात वयाच्या एकशेचाराव्या वर्षी कालवश झाले. कर्व्यांनीही समता संघाची स्थापना केली ती १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी.

दिनचर्या : शिस्तीचे शतक

विश्वेश्वरय्यांची दिनचर्या हा त्यांच्या परिचितांच्या कौतुकाचा विषय होता. पहाटे लवकर उठणे, ठरल्या वेळी स्नान, ठरल्या वेळी भोजन, ठरल्या वेळी फिरणे आणि ठरल्या वेळी झोप, हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे पाळला. भेटीला येणारा कोणीही असो, सकाळी ते पूर्ण पोशाखात, कोट आणि म्हैसुरी फेटा अशा वेषात तयार असत. कापडाच्या व्यवसायात आयुष्य गेलेल्या माणसाला या गोष्टीचे मोल विशेष जाणवते. वस्त्र केवळ अंग झाकत नाही. आज काम करावयाचे आहे असे ते मनालाही बजावते. ज्या वृद्धाने सकाळी कपडे बदलण्याचे कारणच गमावले, त्याचा दिवस तेथेच निम्मा संपतो.

भोजनात मितता हा त्यांचा दुसरा नियम. पोटात थोडी जागा ठेवूनच ते पानावरून उठत. आपल्याकडे बाह्य तपांत ऊनोदरीला जे स्थान दिलेले आहे त्याचे स्मरण येथे सहज होते. तिसरा नियम चालण्याचा. अभियंता म्हणून त्यांना पायपिटीची सवय होतीच. ती सवय त्यांनी उतारवयातही सोडली नाही.

चौथा नियम मात्र सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तो म्हणजे तयारीचा. चार शब्द बोलावयाचे असले तरी ते आधी लिहून काढीत, पुन्हा तपासीत, शब्द बदलीत. योग्य शब्दासाठी शब्दकोश उघडण्याचा कंटाळा त्यांना कधी आला नाही. साठ-सत्तर वर्षांचा अनुभव पाठीशी असताना सहज म्हणून काही बोलणे त्यांना अवघड नव्हते. परंतु अनुभवाच्या व्याजावर जगण्याऐवजी त्यांनी रोज नवे भांडवल घातले.

त्यांचे कौटुंबिक जीवन सुखाचे झाले असे म्हणता येत नाही. पत्नीवियोगाचे दुःख त्यांच्या वाट्याला आले, अपत्यसुखही लाभले नाही. एकाकीपण वृद्धाच्या बुद्धीला पोखरते हे आज सर्वमान्य झाले आहे. विश्वेश्वरय्यांना ते पोखरू शकले नाही, कारण त्यांचा माणसांशी संबंध सतत कामाच्या निमित्ताने येत राहिला. अभियंते, उद्योजक, विद्यार्थी, राज्यकर्ते यांच्याशी पत्रव्यवहार चालू राहिला, बैठका चालू राहिल्या. घर रिकामे होते, पण दिवस रिकामे नव्हते.

आजचे शास्त्र काय सांगते?

विश्वेश्वरय्यांनी जे स्वभावतः केले त्याची कारणमीमांसा करण्याचे काम गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी हाती घेतले आहे. अमेरिकेत १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन या संशोधकाने ख्रिस्ती साध्वींचा एक अभ्यास सुरू केला. पंचाहत्तर वर्षांपुढील ६७८ साध्वी त्यात सहभागी झाल्या आणि मृत्यूनंतर आपला मेंदू तपासणीसाठी देण्याचे त्यांनी मान्य केले. त्यातून एक आश्चर्यकारक गोष्ट पुढे आली. काही साध्वींच्या मेंदूत अल्झायमर रोगाच्या खुणा स्पष्ट होत्या. मात्र हयातीत त्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती चांगली राहिली होती. शिक्षण, वाचन, लेखन आणि अर्थपूर्ण काम यांमुळे मेंदूत एक राखीव साठा निर्माण होतो आणि झीज सुरू झाली तरी तो साठा कारभार सांभाळतो, असे शास्त्रज्ञ मानतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर ही बुद्धीची गंगाजळी होय. ज्या पेढीची गंगाजळी भक्कम, ती पेढी मंदीचे चार हंगाम सहज काढते. ज्या पेढीत रोजची आवक रोज खर्ची पडते, ती पहिल्याच धक्क्याला दार लावते.

फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षे वयाच्या १२६० व्यक्तींवर दोन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या व्यक्तींना योग्य आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे सराव आणि रक्तदाब-मधुमेहादींवर देखरेख असा चौफेर कार्यक्रम दिला गेला. उरलेल्यांना केवळ सर्वसाधारण सल्ला. पहिल्या गटाची बौद्धिक कामगिरी अधिक सुधारली. एकटा बदाम, एकटे शब्दकोडे किंवा एकटी गोळी यांवर विसंबून न राहता साऱ्या सवयी एकत्र पाळल्याने लाभ होतो, असा त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी चौदा कारणे सांगितली आणि ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबविता येऊ शकेल असा अंदाज दिला. अपुरे शिक्षण, ऐकू कमी येणे, दृष्टी मंदावणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले घातक कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, डोक्याला इजा, औदासीन्य, एकाकीपण आणि हवेचे प्रदूषण ही ती कारणे. यांतील ऐकण्याच्या दोषाकडे आपल्या घरांत विशेष दुर्लक्ष होते. कानाला यंत्र लावण्याची लाज वाटते, म्हणून वृद्ध संभाषणातून हळूहळू बाजूला होतात. घरातील माणसे त्यांना विसरभोळे समजू लागतात. आणि ज्या बुद्धीला कोणी प्रश्नच विचारीत नाही, ती बुद्धी खरोखरच मंदावते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. वरील आकड्याची दुसरी बाजू अशी की, निम्म्याहून अधिक रुग्णांच्या बाबतीत आज तरी आपल्या हाती काही नाही. वय आणि आनुवंशिकता यांपुढे सवयींचे बळ थोटके पडते. अत्यंत नियमित, निर्व्यसनी आणि अभ्यासू माणसांनाही हा आजार गाठतो. म्हणून ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी त्याला किंवा स्वतःला दोष देऊ नये, आणि विश्वेश्वरय्यांचे उदाहरण त्याच्यासमोर उगारूही नये. विसरभोळेपणा वाढत आहे असे दिसल्यास वयाचा परिणाम म्हणून गप्प न बसता तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यामागील काही कारणे उपचाराने बरी होण्यासारखी असतात. चांगल्या सवयी हा विमा नव्हे. शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकविण्याचा तो प्रयत्न आहे. व्यापारातही याहून अधिक हमी कोणाला मिळते?

गादी सोडावी, काम सोडू नये

विश्वेश्वरय्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? त्यांच्यासारखी धरणे बांधणे आपल्या हाती नाही. परंतु त्यांच्या आयुष्यात एक सूत्र वारंवार दिसते आणि ते आपल्या घरांना तंतोतंत लागू पडते. त्यांनी पदे फार सहज सोडली, पण काम कधीच सोडले नाही. सरकारी नोकरी सोडली, दिवाणपद सोडले. आणि दर वेळी सोडलेल्या पदापेक्षा मोठे काम हाती घेतले.

आपल्या व्यापारी कुटुंबांत पुष्कळदा याच्या उलट घडते. वडील काम सोडतात, पद मात्र सोडीत नाहीत. नवीन माल, नवे हिशोबाचे यंत्र, नवे ग्राहक यांविषयी शिकण्याचे थांबते. पण गल्ल्याची किल्ली कमरेलाच राहते. मग मुलाचा आणि वडिलांचा अबोला सुरू होतो. किंवा दुसरे टोक गाठले जाते. मुले प्रेमापोटी म्हणून वडिलांच्या हातून सर्व काही काढून घेतात. आता विश्रांती घ्या असे सांगून त्यांना दूरदर्शन संचासमोर बसविले जाते. बँकेचे काम नाही, उधारीची वसुली नाही, भावाची घासाघीस नाही, कोणाचा सल्ल्यासाठी फोन नाही. पन्नास वर्षे ज्या मेंदूने शेकडो भाव, शेकडो चेहरे आणि शेकडो वायदे सांभाळले, त्याला अचानक बिनकामाचा ठरविले जाते. त्या विश्रांतीची किंमत पुढे सारे घर मोजते.

या दोहोंच्या मधला मार्ग विश्वेश्वरय्यांनी दाखविला आहे. साठीच्या सुमारास गादी पुढच्या पिढीला आनंदाने द्यावी, आणि त्याच दिवशी स्वतःसाठी एक नवे काम निवडावे. ते काम खरे असावे, म्हणजे ते न केल्यास कोणाचे तरी अडले पाहिजे. शाळकरी मुलांना गणित शिकविणे, एखाद्या संस्थेचे हिशोब तपासणे, गावातील जुन्या कागदपत्रांची सूची करणे, गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्काची व्यवस्था पाहणे, एखादी नवी भाषा किंवा संगणक शिकणे. कामांना तोटा नाही. मुलांनीही वडिलांना मन रमविण्यापुरते खोटे काम देऊ नये. वृद्धांना खोटे काम लगेच ओळखू येते आणि त्याने होणारा अपमान ते बोलून दाखवीत नाहीत. त्यांना खरी जबाबदारी द्यावी, त्यांचे चुकले तर सांगावे, आणि त्यांचा सल्ला पटला तर तो मानावा.

त्याच्या जोडीला रोजचे चालणे, मोजके जेवण, पुरेशी झोप, रक्तदाब आणि साखरेची नियमित तपासणी, कानाला आवश्यक तेव्हा यंत्र, डोळ्यांना आवश्यक तेव्हा शस्त्रक्रिया, आणि चार माणसांत ऊठबस एवढे पथ्य पाळले तर खर्च फारसा येत नाही. यांतील बहुतेक गोष्टींचा आरंभ साठीनंतर नव्हे तर चाळिशीतच करावा लागतो, हे मात्र तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. गंगाजळी मंदी आल्यावर साठवता येत नाही.

१५ सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस आपल्या देशात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांनी बांधलेल्या धरणांचे आणि कारखान्यांचे गुणगान होते, ते योग्यच आहे. परंतु शंभर वर्षे वापरात राहूनही ज्यावर गंज चढला नाही अशी त्यांची एक रचना त्या यादीत नसते. ती त्यांची स्वतःची बुद्धी होती. तिची देखभाल त्यांनी रोज सकाळी नेमाने केली. आपल्या घरातील वृद्धांना तशी संधी मिळावी, आणि उद्या आपण वृद्ध होऊ तेव्हा आपल्यालाही ती मिळावी, हीच सदिच्छा.